दिवस गेलेत आणि दाढ ठणकतेय: पुण्यात मोफत उपचार कुठे आणि कसे मिळवायचे

गरोदर बाईची दाढ दुखायला लागली की पुण्यात तिला दोन वाक्यं हमखास ऐकावी लागतात. आधी, "बाळंतपण होऊ दे, मग बघू." आणि बाळंतपण झाल्यावर, "अजून अंगावर पाजतेस ना, बाळ जरा मोठं होऊ दे." या दोन वाक्यांत दीड-दोन वर्षं निघून जातात आणि जी दाढ सिमेंट भरून वाचली असती ती शेवटी काढावी लागते. मी धनकवडी-कात्रज भागातल्या वस्त्यांमध्ये बायकांच्या आरोग्याचं काम करते, त्यांच्याबरोबर ओपीडीच्या रांगेत उभी राहते. बीड, लातूर, यवतमाळ, सोलापूरकडून नवऱ्याच्या कामामागे पुण्यात आलेल्या, इथे कुणाची ओळख नसलेल्या मुलींचे हाल सर्वांत जास्त होतात. हा लेख त्यांच्यासाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी.

आधी मनातली भीती बाजूला ठेवू. गरोदरपणात दाताचे उपचार करता येतात. दात साफ करणं, सिमेंट भरणं, रूट कॅनाल, अगदी दाढ काढणंसुद्धा. दातासाठी हिरडीत देतात ती लिग्नोकेनची भूल गरोदर बाईला चालते. दाताचा एक्स-रे अगदी छोटा असतो, त्याचा झोत तोंडावर असतो, पोटावर नाही, आणि वर शिशाचा एप्रन घालायला मिळतो. खरा धोका आहे तो पू झालेली दाढ महिनोन् महिने तोंडात ठेवण्यात. जंतुसंसर्ग जबड्यात, गळ्यापर्यंत पसरू शकतो, बाई जेवत नाही, झोपत नाही आणि मेडिकलमधून मिळेल ती गोळी घेत राहते.

"बाळ आईच्या दातातलं कॅल्शियम ओढून घेतं, म्हणून दात खराब होणारच" हेही मनातून काढा. बाळाला लागणारं कॅल्शियम आईच्या आहारातून आणि कमी पडलं तर हाडांतून जातं, दातांतून नाही. दात बिघडतात ते दुसऱ्याच कारणांनी. संप्रेरकं (हार्मोन्स) वाढल्यामुळे हिरड्या सुजतात, ब्रश लागला की रक्त येतं, म्हणून बाई ब्रश करणंच सोडते. उलट्यांमधलं आम्ल दातांना लागतं. डोहाळे म्हणून दिवसभर थोडं थोडं गोड-आंबट चालू राहतं. हे सगळं थांबवता येतं, निदान आटोक्यात ठेवता येतं.

मोफत म्हणजे नक्की कुठे

नवीन माणूस इथेच गोंधळतो. "सरकारी" या एका शब्दाखाली पुण्यात तीन वेगवेगळे मालक आहेत आणि तिघांचे नियम वेगळे आहेत.

पहिला राज्याचा सार्वजनिक आरोग्य विभाग. त्याच्या अखत्यारीतली प्राथमिक आरोग्य केंद्रं, ग्रामीण रुग्णालयं, उपजिल्हा आणि जिल्हा रुग्णालयं इथे 15 ऑगस्ट 2023 पासून केसपेपरसकट तपासणी आणि उपचार मोफत आहेत. पिवळं कार्ड, केशरी कार्ड असा भेद नाही. पुण्यातलं या विभागाचं मोठं ठिकाण म्हणजे औंधचं जिल्हा रुग्णालय. दाताचं काम एक रुपया न देता करायचं असेल तर माझं पहिलं बोट औंधकडे. कात्रज किंवा हडपसरहून ते लांब पडतं, पोट घेऊन दोन बस बदलायच्या म्हणजे त्रास आहेच, तरी एकदा गेलं की पैशांचा प्रश्न मिटतो. कॅप किंवा नवीन दात बसवायचा असेल तर मात्र आधी विचारून घ्या, तो भाग वेगळा असतो.

दुसरा मालक वैद्यकीय शिक्षण विभाग. ससून रुग्णालय बी. जे. शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाला जोडलेलं आहे, म्हणजे या विभागाखाली येतं. 2023 चा तो मोफतचा निर्णय ससूनला लागू नाही. तिथे केसपेपरला आणि काही तपासण्यांना शुल्क असतं, पण खासगीच्या मानाने फारच कमी, आणि पिवळं रेशनकार्ड असेल तर माफी मागता येते. ससूनची जमेची बाजू अशी की प्रसूती विभाग, दंत विभाग, रक्ततपासणी आणि मोठ्या आजारांचे डॉक्टर एकाच आवारात आहेत. बीपी वाढलेलं असेल, साखर असेल, हृदयाचा त्रास असेल तर अशा बाईने दाढ काढायला ससूनलाच जावं असं मला वाटतं. पुणे स्टेशनला लागूनच असल्यामुळे रेल्वेने, बसने, मेट्रोने कुठूनही पोचता येतं.

तिसरा मालक महापालिका, आणि त्याही दोन. पुणे महापालिकेचं मंगळवार पेठेतलं कमला नेहरू रुग्णालय, शिवाय ठिकठिकाणचे दवाखाने आणि प्रसूतिगृहं. पिंपरी-चिंचवड महापालिकेचं संत तुकारामनगरमधलं यशवंतराव चव्हाण रुग्णालय, ज्याला सगळे वायसीएम म्हणतात. महापालिकांचे दर त्यांचे स्वतःचे असतात. तुमच्या घराजवळच्या महापालिका दवाखान्यात दंतवैद्य बसतच असेल असं नाही. तिथून मोठ्या रुग्णालयाची चिठ्ठी मिळते, आणि ती चिठ्ठी घेऊन गेलेलं बरं.

नोकरीच्या ठिकाणी ईएसआय (कामगारांचा सरकारी आरोग्य विमा) कापला जात असेल, म्हणजे महिना 21,000 रुपयांपर्यंत पगार असेल, तर वरचं सगळं सोडा आणि आधी ईएसआय कार्ड काढा. नवऱ्याचा ईएसआय असेल तर बायकोलाही उपचार मिळतात, फक्त तिचं नाव कार्डावर चढवलेलं हवं. बिबवेवाडीला ईएसआयचं रुग्णालय आहे. कंपनीत हाऊसकीपिंग करणाऱ्या, चाकण-भोसरीच्या कारखान्यांत कंत्राटी काम करणाऱ्या कितीतरी घरांत हे कार्ड असतं आणि ते फक्त पगाराच्या पावतीवर दिसतं.

आता एक कटू गोष्ट. महात्मा फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान कार्ड यांच्या भरवशावर दात दाखवायला जाऊ नका. या योजना मुख्यतः रुग्णालयात दाखल होऊन घ्यायच्या उपचारांसाठी आहेत. दात साफ करणं, सिमेंट भरणं, ओपीडीत दाढ काढणं त्यात बसत नाही. जबड्याला मार लागून मोठी शस्त्रक्रिया करावी लागली तर गोष्ट वेगळी. बायका कार्ड हातात घेऊन खासगी दवाखान्याच्या दारात जातात आणि तिथून अपमानित होऊन परततात, म्हणून हे स्पष्ट लिहितेय.

गरोदर बाईसाठी 2011 पासून जननी शिशु सुरक्षा कार्यक्रम आहे. सरकारी रुग्णालयात बाळंतपण, सिझेरियन, औषधं, तपासण्या, रक्त, जेवण, जाण्या-येण्याची गाडी, सगळं त्यात विनाशुल्क आहे. दाताचा उल्लेख मात्र त्यात स्वतंत्रपणे नाही, आणि खिडकीवरचा माणूस नेमकं तेच बोट दाखवतो. तरीही शुल्क भरणं जमत नसेल तर रुग्णालयातल्या समाजसेवा अधीक्षकांकडे जा. ससूनसारख्या मोठ्या रुग्णालयांत हे पद असतं, त्यांचं कार्यालय ओपीडीच्या इमारतीत किंवा आसपास असतं. शुल्कमाफीचा अर्ज कसा करायचा ते तिथे सांगतात.

दंत महाविद्यालयांचा रस्ता

पुण्यातली दंत महाविद्यालयं खासगी संस्थांची आहेत, तिथले सगळे उपचार मोफत नसतात. पण विद्यार्थी शिकत असल्यामुळे दर खूप कमी ठेवलेले असतात, काही कामं आणि शिबिरं विनामूल्य असतात, आणि यंत्रसामग्री चांगली असते. धनकवडीत भारती विद्यापीठाचं, कॅम्पात आझम कॅम्पसमध्ये एम. ए. रंगूनवाला, वडगाव बुद्रुकला सिंहगडचं, पिंपरीत डॉ. डी. वाय. पाटील. यांपैकी धनकवडी आणि पिंपरी इथे संस्थेचं मोठं रुग्णालयही त्याच परिसरात आहे, त्यामुळे दंतवैद्याने "आधी बाळंतपणाच्या डॉक्टरांना विचारून या" म्हटलं तर दुसऱ्या टोकाला जावं लागत नाही.

पहिल्यांदा गेलेली बाई या कॉलेजांत हरवून जाते, म्हणून क्रम सांगते. केसपेपर काढला की आधी ओरल मेडिसिन नावाच्या विभागात पाठवतात. तिथे तोंड पूर्ण तपासतात, माहिती विचारतात, गरज वाटली तर एक्स-रे काढतात, आणि मग कागदावर पुढच्या विभागांची नावं लिहून देतात. हिरड्यांसाठी आणि दात साफ करण्यासाठी पेरिओ. सिमेंट आणि रूट कॅनालसाठी कॉन्झर्व्हेटिव्ह, तिथले लोक त्याला कॉन्स म्हणतात. दाढ काढायची असेल तर ओरल सर्जरी. प्रत्येक विभागात पुन्हा नंबर. काम विद्यार्थी किंवा इंटर्न करतात आणि प्रत्येक टप्प्यावर सर किंवा मॅडम येऊन बघतात, त्यामुळे वेळ जास्त लागतो. खासगीत अर्ध्या तासात होणाऱ्या कामाला इथे सकाळ जाते. पण मी जे पाहिलंय त्यावरून सांगते, विद्यार्थी मन लावून काम करतात, दुखलं तर थांबतात, आणि समजावून सांगायला त्यांच्याकडे वेळ असतो.

विचारायचे प्रश्न दोनच, आणि ते खुर्चीत बसण्याआधी विचारायचे: "एकूण किती बैठका लागतील?" आणि "एकूण खर्च किती होईल, केसपेपरवर लिहून द्याल का?"

सर्वांत महत्त्वाचा कागद

माझ्या अनुभवात दारातून परत पाठवलेल्या बहुतेक बायकांकडे पैसे नसल्यापेक्षा एक कागद नसतो. तो म्हणजे बाळंतपणाच्या डॉक्टरांची चिठ्ठी. दंतवैद्य नाही म्हणतो तेव्हा बऱ्याचदा त्याला पोटातल्या बाळाची जबाबदारी नको असते. त्याला बीपी माहीत नसतं, हिमोग्लोबिन माहीत नसतं, आधीचा गर्भपात झालाय का ते माहीत नसतं. ही माहिती एका कागदावर सहीशिक्क्यानिशी समोर ठेवली की बोलण्याचा सूर बदलतो.

एकदा एका रुग्णालयात मी सहाव्या महिन्यातल्या मुलीला घेऊन गेले होते. उजव्या बाजूची खालची दाढ, गालावर सूज, चार दिवस ती भाकरी दुधात कुस्करून डाव्या बाजूने गिळत होती. खिडकीवरच्या बाईंनी पोटाकडे बघितलं आणि केसपेपर न काढताच "डिलिव्हरीनंतर या" म्हणून पुढच्या माणसाला हाक मारली. आम्ही तिथून उठलो, तिचं नाव नोंदवलं होतं त्या प्रसूतिगृहातून चिठ्ठी आणली आणि पुन्हा त्याच खिडकीवर उभ्या राहिलो. या वेळी केसपेपर निघाला. आतल्या डॉक्टर मॅडमनी चिठ्ठी वाचली, बीपी बघितलं आणि त्याच दिवशी पू काढून दिला. दाढ तीच, बाई तीच, फक्त एक कागद वाढला होता.

चिठ्ठीत काय हवं ते डॉक्टरांना स्पष्ट सांगा, नाहीतर नुसतं "दंतवैद्याकडे पाठवत आहे" असं लिहून मिळतं आणि त्याचा उपयोग होत नाही. मजकूर साधारण असा हवा: "सदर रुग्ण इतक्या आठवड्यांची गरोदर आहे. बीपी इतकं, हिमोग्लोबिन इतकं, साखर इतकी. इतर आजार नाही (किंवा असल्यास कोणता). सध्या चालू औषधं ही. स्थानिक भूल देऊन दाताचे उपचार करण्यास हरकत नाही." खाली सही, शिक्का, तारीख.

ही चिठ्ठी मागण्यासाठी चांगला दिवस म्हणजे महिन्याची 9 तारीख. प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात त्या दिवशी सरकारी केंद्रांवर दुसऱ्या-तिसऱ्या तिमाहीतल्या बायकांची मोफत तपासणी असते आणि तज्ज्ञ डॉक्टर येतात. गर्दी असते, पण सही करणारा माणूस समोर असतो. तपासणी संपता संपता "डॉक्टर, माझी दाढ दुखतेय, दंत विभागासाठी चिठ्ठी द्या" एवढं म्हणा. ते स्वतःहून तोंड उघडायला सांगतील याची वाट बघू नका. वजन, बीपी, पोट, रक्त, सोनोग्राफी एवढं बघून होतं, दात कुणी बघत नाही.

अजून नाव नोंदवलंच नसेल तर आधी ते करा. भाड्याच्या खोलीचा करार नाही, आधार कार्डावर गावचा पत्ता आहे, म्हणून नाव नोंदवणार नाहीत असं समजू नका. वस्तीतल्या आशाताईंना गाठा, त्या नोंदणी करून माता-बाल कार्ड मिळवून देतात. हे कार्ड पुढे प्रत्येक खिडकीवर कामी येतं.

कोणत्या महिन्यात काय

चौथा ते सहावा महिना सगळ्यात सोयीचा. उलट्या कमी झालेल्या असतात, पोट फार मोठं नसतं, खुर्चीत आडवं पडता येतं. पहिल्या तीन महिन्यांत आणि शेवटच्या दोन महिन्यांत न दुखणारी कामं थांबवली तरी चालतात, पण ठणका, सूज, पू असेल तर महिना बघायचा नाही, त्याच दिवशी जायचं.

आपल्याकडे यात आणखी एक अडचण येते. सातव्यात डोहाळजेवण होतं आणि पहिलटकरीण माहेरी जाते. रूट कॅनालच्या दोन बैठका पुण्यात झालेल्या, तिसरी राहिलेली, दाढेत तात्पुरतं सिमेंट, आणि बाई परळीला. तिथे ते सिमेंट निघतं आणि कळ परत सुरू होते. म्हणून पाचव्यात सुरुवात करा आणि डॉक्टरांना पहिल्याच दिवशी सांगा की अमुक तारखेला मी गावी जाणार आहे. तोवर काम संपत नसेल तर सोबत केसपेपर आणि एक्स-रे घेऊन जा, आणि कोणत्या दाढेचं काय झालंय हे लिहून मागा. जिल्हा आणि उपजिल्हा रुग्णालयं तिकडेही मोफत आहेत.

जायच्या दिवशी

सकाळी लवकर पोचा, केसपेपरच्या खिडक्या लवकर बंद होतात. काही मोठ्या रुग्णालयांत भिंतीवरचा क्यूआर कोड मोबाइलवर स्कॅन करून नंबर घेता येतो, त्याने रांग वाचते. सोबत आधार कार्ड, रेशनकार्ड, माता-बाल कार्ड, शेवटची सोनोग्राफी, रक्ताचे रिपोर्ट, ती चिठ्ठी आणि चालू गोळ्यांची पाकिटं.

उपाशी जाऊ नका. हिरडीतल्या भुलेसाठी उपाशी राहावं लागत नाही आणि गरोदर बाईला रांगेत चक्कर येते. पोळी-भाजी खाऊन, दात घासून जा, पिशवीत केळं आणि पाणी ठेवा. खुर्चीत बसण्याआधी लघवीला जाऊन या. सातव्या महिन्यानंतर सरळ उताणं झोपलं की पोटाचा भार मोठ्या रक्तवाहिनीवर येऊन घाबरं होतं, बीपी उतरतं. म्हणून डॉक्टरांना सांगा की मला थोडं डाव्या कुशीवर ठेवा, आणि घरून एक शाल नेऊन तिची घडी उजव्या कुल्ह्याखाली सरकवा. सिमेंट भरताना चंदेरी रंगाचं, पारा असलेलं सिमेंट नको, दातासारखं पांढरं सिमेंट भरा असं म्हणा. गरोदर आणि पाजणाऱ्या बाईला पाऱ्याचं सिमेंट टाळतात.

बरोबर कुणीतरी असू द्या. सासू असेल तर आणखी चांगलं, कारण "क्लीनिंग केलं की दात हलतात" ही भीती घरात बहुधा तिच्याच मनात असते आणि डॉक्टरांनी समोर सांगितलेलं तिला पटतं. दात हलतात ते साचलेल्या किटणाने हिरडी खाल्ल्यामुळे. किटण निघालं की आधीपासूनचं हलणं जाणवतं, एवढंच.

नाहीच म्हणाले तर भांडू नका, पण तशाच घरीही येऊ नका. शांतपणे म्हणा, "नाही म्हणताय ते केसपेपरवर कारणासकट लिहून द्या." लिहून द्यायची वेळ आली की बरेचदा आतल्या मोठ्या डॉक्टरांना विचारलं जातं. तरी अडलं तर वैद्यकीय अधीक्षकांचं कार्यालय गाठा. सल्ल्यासाठी 104 हा आरोग्य हेल्पलाइनचा नंबर आहे, आणि लेखी तक्रार आपले सरकार पोर्टलवर करता येते.

ज्यात थांबायचं नाही

गाल किंवा जबड्याखालचा भाग सुजून ताप आला, तोंड दोन बोटांएवढंही उघडेना, गिळताना किंवा श्वास घेताना त्रास व्हायला लागला, तर ओपीडीची वाट बघू नका. रात्र असो, रविवार असो, ससून किंवा वायसीएमच्या अपघात विभागात जा. गाडीसाठी 108.

गोळ्या

मेडिकलमध्ये "दातदुखीवर द्या" म्हटलं की जी पट्टी हातात येते तिच्यात बहुधा आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक किंवा असंच दुखणं मारणारं औषध असतं. कॉम्बिफ्लाममध्येही आयब्युप्रोफेन आहे. ही औषधं गरोदरपणात, विशेषतः पाचव्या महिन्यापासून पुढे, बाळाच्या मूत्रपिंडाला आणि हृदयाजवळच्या रक्तवाहिनीला त्रास देऊ शकतात. दुखण्यासाठी साधी पॅरासिटामॉल चालते, डॉक्टरांनी सांगितलेल्या मात्रेत. संसर्ग असेल तर अ‍ॅमॉक्सिसिलिन गरोदरपणात देतात. टेट्रासायक्लीन, डॉक्सिसायक्लीन नको, त्याने बाळाच्या दातांवर कायमचे डाग पडतात. दुकानदाराला प्रत्येक वेळी सांगायचं, "गरोदर आहे." पोट दिसत नसेल तेव्हा तर नक्कीच.

लवंग दाढेखाली धरली तर थोडा वेळ बरं वाटतं, ठीक आहे. लवंगेचं तेल कापसावर घेऊन दाबून ठेवू नका, हिरडी भाजते. आणि दुखणं थांबलं म्हणजे दाढ बरी झाली असं नाही. कधी कधी आतली नस मेलेली असते, म्हणून कळ थांबते आणि पू खाली साचत राहतो.

घरी रोज

उलटी झाल्यावर लगेच ब्रश करू नका, आम्लाने मऊ झालेला दाताचा थर घासला जातो. कपभर पाण्यात चमचाभर खायचा सोडा घालून चूळ भरा, अर्ध्या-पाऊण तासाने ब्रश करा. ब्रश मऊ घ्या. हिरडीतून रक्त येतं तिथे जास्त हळुवारपणे, पण नक्की ब्रश फिरवा. हिरडीवर लाल गाठ आली तर घाबरू नका, गरोदरपणात अशी गाठ येते आणि बहुतेक वेळा बाळंतपणानंतर उतरते. एकदा दाखवून मात्र घ्या.

मिश्री लावत असाल तर तिच्याबद्दल कुणीही तुम्हाला न ओरडता सांगायला हवं, म्हणून मी सांगते. भाजलेल्या तंबाखूची ती पूड आहे. तिने कळ दबते, पोट साफ होतं असं वाटतं, म्हणून सुटत नाही. पण तिच्यातलं निकोटीन रक्तातून बाळापर्यंत जातं आणि बाळाचं वजन कमी भरतं. दंत विभागात मिश्रीचं लपवू नका. सोडायला मदत मागायची ती सर्वांत योग्य जागा आहे.

बाळंतपणानंतर

आपल्याकडे रीत अशी की सव्वा महिना बाईने घराबाहेर पडायचं नाही, थंड पाणी नको, ब्रश नको, बोटाने जेमतेम दात घासायचे, आणि त्याच काळात डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, शिरा, दिवसातून पाच-सहा वेळा. लाडू जरूर खा, बाळंतिणीला ताकद हवीच. फक्त प्रत्येक खाण्यानंतर कोमट पाण्याची खळखळून चूळ आणि रात्री झोपण्याआधी ब्रश. बाळंतिणीला ब्रश करायला कोणतीही बंदी नाही.

अंगावर पाजत असताना दाताची भूल, दात साफ करणं, रूट कॅनाल, दाढ काढणं सगळं चालतं. पॅरासिटामॉल चालते, आयब्युप्रोफेनही आता चालतं, अ‍ॅमॉक्सिसिलिनही चालतं. भूल घेतली म्हणून दूध पिळून टाकायची गरज नाही. घरून निघताना पाजा, काम झाल्यावर परत पाजा. कुणी "पाजतेस ना, मग थांब" म्हणालं तर त्यांना विचारा, नेमकं कोणतं औषध पाजताना चालत नाही? उत्तर मिळालं तर त्याऐवजी दुसरं लिहून मागा.

मोफतच्या हिशेबात एक तारीख लक्षात ठेवा. जननी शिशु सुरक्षाचा लाभ आईला बाळंतपणानंतर 42 दिवसांपर्यंत असतो. औंधला तुम्ही कधीही गेलात तरी मोफतच आहे, पण ससून किंवा महापालिकेत शुल्कमाफी मागायची असेल तर या दिवसांत मागणं सोपं जातं.

बाळ घेऊन रांगेत कोण थांबणार, हा खरा प्रश्न असतो आणि त्यामुळेच बहुतेकींचे दात मागे पडतात. त्यावर मला सापडलेला चालणारा उपाय म्हणजे लसीचा दिवस. दीड महिना, अडीच महिने, साडेतीन महिने, या लसींना तुम्ही बाळाला घेऊन जाणारच आहात. शक्य असेल तर दंत विभाग असलेल्या रुग्णालयातच लस घ्या. सोबत आलेल्या माणसाकडे बाळ द्या आणि त्याच सकाळी स्वतःचा केसपेपर काढा. गरोदरपणी अर्धवट राहिलेलं रूट कॅनाल किंवा तात्पुरतं सिमेंट पक्कं करण्याचं काम पहिल्याच लसीच्या दिवशी सुरू करा. आणि बाळाला पहिला दात आला की, वर्षाचं व्हायच्या आत, त्यालाही त्याच खुर्चीत एकदा दाखवून आणा.